कुणाची हरकत नाही ना?

“हिच्या गळ्यात अडकवा. चालता चालता वाजेल.”

साहेब हे माझ्याशी बोलले नाहीत, माझ्याबद्दल बोलले. मी दोन हातांच्या अंतरावर उभी होते. खांद्याला त्यांच्या गोल्फच्या काठ्यांची पिशवी, हातात पाण्याच्या बाटल्या. मॅनेजर पुढे आला आणि त्याने कॅमेऱ्याला असतो तसा काळा पट्टा माझ्या डोक्यावरून गळ्यात घातला. पट्ट्याला स्पीकर होता, अर्ध्या विटेएवढा. तो माझ्या छातीवर येऊन बसला. आवाज कमीजास्त करायचं गोल बटण स्पीकरच्या तोंडावरच होतं. म्हणजे आता ते कुठे आलं, ते समजून घ्या.

साहेबांनी हात पुढे केला आणि बटण फिरवलं. गाणं सुरू झालं. माझ्याकडे बघितलंसुद्धा नाही. दिवा लावताना भिंतीकडे कोण बघतं? मग त्यांनी सोबतच्या तिघांना विचारलं, “गाण्याला कुणाची हरकत नाही ना?”

तिघं म्हणाले, नाही नाही, छान आहे. मला कुणी विचारलं नाही. गाणं माझ्या बरगड्यांत वाजत होतं.

मी चोवीस वर्षांची होते. बारावी झालेली. धडधाकट, तोंडाची फटकळ म्हणून वाडीत प्रसिद्ध. आणि मी गप्प राहिले. आज हे सांगताना त्या साहेबांपेक्षा त्या गप्प राहिलेल्या मुलीचा मला जास्त राग येतो. पण तिचंही ऐकून घ्यायला हवं, कारण ती मीच होते.

आमची वाडी मालवणच्या किनाऱ्यावरची. मासळीवर जगणारी. वाडीच्या डोक्यावर सडा आहे, जांभ्या दगडाचं उघडं पठार. त्याची एक कड थेट समुद्रावर येते. त्या कडेला एक वाकडं काजूचं झाड होतं आणि झाडाखाली माझ्या बापाची जागा होती. लोक म्हणत, त्याच्या ढुंगणाने तिथला दगड गुळगुळीत झालाय.

बाबांचं काम बघायचं. नुसतं बघायचं आणि वेळेवर ओरडायचं. कारण आमची रापण होती. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं. होडी जाळं घेऊन पाण्यात अर्धा फेरा मारते, दोन्ही टोकं वाळूत आणून देते, मग सगळी वाडी मिळून ओढते. पण जाळं टाकायचं कुठे आणि कधी, हे वाळूत बसून कळत नाही. वाळूतून समुद्राची नुसती कड दिसते, त्याचं पोट दिसतं ते सड्यावरून. मासळीचा थवा जवळ आला की पाण्याचा एक तुकडा काळवंडतो, वर पक्षी घिरट्या घालतात. ते बाबांना दिसायचं. मग ते उभे राहायचे आणि कुकारो मारायचे. कुकारो म्हणजे लांबवर पोचणारी हाक, पोटातून काढलेली. तिला शब्द नसतात. एक हाक मारली की होडी लोटा, दुसरी मारून हात करायचा तो थवा कुठे सरकतोय त्या बाजूला. आई चुलीवरचा भात अर्धा कच्चा उतरवायची आणि पदर खोचून धावायची. मीही शाळेचं दप्तर टाकून धावलेली आहे.

दोन हजार चारच्या सुमारास सडा विकला गेला. कुणी विकला, कसा विकला, ते सांगायला बसले तर माझ्या तोंडून शिव्या येतील. कसालच्या बाजूने मातीचे डंपर येत राहिले. दगडावर माती पसरली, मातीवर गवत. आमच्या विहिरी चैत्रात तळ गाठायच्या आणि वर गवताला सकाळ-संध्याकाळ फवारे. एक रिसॉर्ट उभं राहिलं आणि नऊ भोकांचं गोल्फचं मैदान. सहावं भोक नेमकं काजूच्या झाडापाशी. झाड ठेवलं त्यांनी, फोटोत चांगलं दिसतं म्हणून. आमची पायवाटही राहिली, सरकारी कागदावर होती म्हणून.

मला तिथे कॅडीची नोकरी लागली. कॅडी म्हणजे खेळणाऱ्याच्या मागून काठ्या घेऊन चालणारी. आम्ही सहा मुली होतो. मुलगे बडबड करतात म्हणून मुली घेतल्या, असं मॅनेजर म्हणाला. पांढरी टोपी, हिरवा शर्ट. कामावर येताना सुकी मासळी खाऊन यायचं नाही, ही पहिली सूचना. आणि मग एक कागद. मी बारावी, म्हणून बाकीच्या पाच जणींना तो मी वाचून दाखवायचा.

मैदानावर गाणी वाजवण्याचे नियम होते त्यात. मला अजून पाठ आहेत. गाणे आपल्या गटापुरतेच ऐकू जावे. दुसरा गट जवळ आल्यास हळू करावे. कोणी चेंडू मारण्याच्या तयारीत असता पूर्ण बंद करावे. लावण्यापूर्वी सोबतच्या सर्वांची संमती घ्यावी. चांगलेच नियम आहेत. मी चेष्टा करत नाही. आमच्या वाडीतल्या लग्नात कर्णे लावणाऱ्यांनी ते वाचावेत, असं मला तेव्हा खरंच वाटलं होतं. शेवटची ओळ मात्र पेनाने लिहिलेली होती. कर्मचाऱ्यांनी गुणगुणू नये.

माझी मैत्रीण सुमन फुगडीचं गाणं गुणगुणताना सापडली. तिला दिवसभर उन्हात गवत खुरपायला बसवलं. संध्याकाळी तिच्या मानेवर फोड आले होते. मी तिला म्हणाले, “नियम आसा गो, काय करतलंस.” हे माझे शब्द.

पण ते काहीच नाही. पुढचं ऐका.

पहिल्याच हंगामात, एका सकाळी, सहाव्या भोकाशी कोणीतरी पाहुणा वाकून चेंडू ढकलायच्या बेतात होता. काजूखालून बाबा उठले आणि कुकारो मारला. पाहुण्याचा हात हलला. चेंडू भोकाच्या बाजूने निघून गेला. खाली होडी लोटली गेली, वाडी धावली, आणि वर मॅनेजर धावला. पाहुण्याची माफी मागून तो माझ्याकडे आला.

“तुझे वडील ना ते? तूच सांग. तुझं ऐकतील.”

तो स्वतः जाऊ शकला असता. पण कुणाच्या तोंडून काय वदवायचं, हे त्याला बरोबर कळत होतं. मी गेले. हिरव्या शर्टात, डोक्यावर टोपी.

“बाबानू, हयसर बोंबलू नकात. लोक खेळतत.”

बाबा माझ्याकडे बघत राहिले. “कोणी सांगल्यान?”

“मॅनेजरान. माजी नोकरी जायत.”

“हात केलो तर चलात?”

मी परत मॅनेजरकडे गेले. तो म्हणाला, हालचालीनेही लक्ष विचलित होतं. मी परत झाडापाशी आले आणि तेही सांगितलं. माझी निरोप्याची नोकरी मी मन लावून केली. बाबांनी खांद्यावरचा पंचा झटकला. “बरा,” एवढंच म्हणाले आणि पायवाटेने खाली उतरले. ते परत वर आले नाहीत.

साठ वर्षांच्या माणसाचा आवाज मी बंद केला. कुणा साहेबाने नाही. मी केला. माझ्या लिहित्या-वाचत्या तोंडाने केला.

त्यानंतर रापण आंधळी झाली. दोन हंगाम थवे आमच्या नाकासमोरून गेले आणि वाळूतल्यांना पत्ता लागला नाही. अंदाजाने जाळं टाकायचं, चार तास ओढायचं आणि शेवाळ नि चार खेकडे काढायचे. मला तोंडावर कोणी बोललं नाही. फक्त रापणीचे पुढारी तात्या माझ्या घरावरून जाताना मोठ्याने म्हणायचे, “गप चला रे, साहेबांची झोप मोडात.” तिसऱ्या हंगामाच्या सुरुवातीला त्यांनी सगळ्यांना बसवून सांगितलं, यंदा दिवाळीनंतरच्या महिन्यात मासळी लागली नाही तर जाळं विकूया. बाप्यांनी परक्या ट्रॉलरवर खलाशी म्हणून जावं. बायांनी बघावं काय ते. बाबा तिथे होते. घरी येऊन जेवले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

त्याच दिवाळीनंतर ते साहेब आले, स्पीकरवाले. तीन आठवडे राहणार होते. फार सुसंस्कृत माणूस, असं सगळे म्हणायचे, आणि होतेच. दुसरा गट दिसला की लगेच आवाज कमी करायचे. दर वेळी विचारायचे, हरकत नाही ना. कधी कुणावर आवाज चढवला नाही. मैदानावर गाड्या चालायच्या, पण सहाव्या भोकाची वाट कडेची आणि दगडाची, तिथे चालत जायचं. म्हणून गाण्याला पाय हवे होते, आणि ते माझे होते.

आठवडाभर असंच चाललं. साहेबांना गाणं मोठं हवं झालं की हात यायचा. लहान हवं झालं की हात यायचा. बोटं बटणावरच राहायची, इकडेतिकडे नाही. मी हे मुद्दाम सांगते, कारण नंतर वाडीत काहीबाही बोललं गेलं. तसं काही नव्हतं. तसं असतं तर मी पहिल्या दिवशीच काठी घातली असती. त्यांच्या लेखी तिथे बाईच नव्हती. खुंटी होती. खुंटीला कसली लाज आणि कसली हरकत.

गाणी जुनी, सावकाशीची. त्यातलं एक मला आवडायचं. हेही सांगायला हवं. ते लागलं की मी चाल धीमी करायचे, संपेपर्यंत पुढचं भोक येऊ नये म्हणून. घरी येऊन अंघोळ करताना तेच ओठांवर यायचं आणि मी तोंडात पाणी घ्यायचे.

त्या दिवशी सकाळचे नऊ वाजले असतील. सहावं भोक. साहेबांचा चेंडू भोकापासून दोन पावलांवर होता. त्यांनी न बघता हात मागे केला, बटण पिळलं, गाणं बंद. मग वाकले. तिघे सोबती पुतळ्यासारखे उभे. कॅडीने अशा वेळी चेंडूकडे बघायचं असतं. मी समुद्राकडे बघितलं.

पाण्यातल्या काळ्या खडकाच्या, आमच्या खडपाच्या, अलीकडे पाणी काळवंडलं होतं. ढगाची सावली म्हणावी तर आभाळ कोरं. तो काळा तुकडा हळूहळू खाडीच्या बाजूला सरकत होता आणि वरून पांढरे पक्षी पाण्यात पडत होते. बांगडा. एवढा मोठा थवा मी लहानपणीसुद्धा दोनदाच बघितला होता.

खाली वाळूत होडी जाळं भरून तयार होती. माणसं बसली होती, कुणी दोरी वळत, कुणी विडी ओढत. थवा त्यांच्यापासून हाकेच्या अंतरावर आणि त्यांना त्याचा गंधसुद्धा नाही. मी बाबांना शोधलं. ते जरा बाजूला बसले होते, समुद्राकडे पाठ करून. तोंड सड्याकडे. दोन वर्षं ते रोज असेच बसत होते. वरून कोणीतरी हाक मारील म्हणून. हे मला तेव्हा कळलं, गळ्यात स्पीकर अडकवलेल्या अवस्थेत.

मनात नोकरी आली. खोटं कशाला बोलू. आईच्या औषधाची बाटली आली, मॅनेजरचं तोंड आलं. आणि आणखी एक गोष्ट आली. आमच्या वाडीत बाईने सड्यावरून कुकारो मारायचा नसतो. मासळी उलटते म्हणतात. माझ्या आजीने नाही मारला, आईने नाही मारला. वर साहेबांचा नियम, खाली वाडीचा नियम. दोघांना एकच हवं होतं, मी गप्प राहणं.

मी पिशवी टाकली आणि कुकारो मारला.

पहिला फाटका आला. घसा विसरला होता. दुसरा पोटातून आला आणि खडपावर आपटून परत माझ्याच कानात शिरला. खाली बाबा ताडकन उभे राहिले.

इकडे साहेबांचा चेंडू चुकला. ते वळले. चिडलेले नव्हते, नवल वाटल्यासारखे होते. आणि त्यांनी काय करावं? सवयीने हात पुढे केला, माझ्या छातीवरचं बटण धरलं आणि डावीकडे पिळलं. गाणं आधीच बंद होतं. मी तिसरा कुकारो मारला. त्यांनी पुन्हा पिळलं. जोराने. तो माणूस मला बंद करत होता.

मी त्यांचं मनगट धरलं. आयुष्यात पहिल्यांदा अशा माणसाचं मनगट धरलं. मऊ होतं.

“हात काढा.”

“अगं, पण...”

“हात काढा आधी.”

हात निघाला. मी पट्टा डोक्यावरून काढला आणि स्पीकर भोकाशेजारी त्या मऊ गवतावर ठेवला, जिथे चपला घालून पाय द्यायची आम्हाला मनाई होती. टोपी काढली. कडेला गेले आणि टोपी धरलेला हात खाडीच्या बाजूला हलवत राहिले. खाली होडी सुटली होती.

मागून एकजण म्हणाला, “हिला कामावर ठेवलं कुणी?” थोड्या वेळाने दोन्ही दोर वाळूत आले, माणसं जुंपली गेली आणि ओढण्याचा ठेका सुरू झाला. एकाने हाळी द्यायची, बाकीच्यांनी ओढायचं. तो आवाज वर आला. तेव्हा तोच माणूस कॅमेरा काढून कडेला आला आणि सोबत्यांना म्हणाला, “ऐका ऐका, अस्सल लोकसंगीत.”

माझ्या हाकेने त्यांचा खेळ मोडला. तिच्याच जोरावर खाली जे चाललं होतं ते संगीत झालं. लांबून ऐकायचं ना ते. मी त्यांच्या फोटोच्या मधून चालत पायवाटेला लागले आणि खाली जाऊन दोराला हात घातला.

सगळं गोड झालं असं नाही. होडीला जरासा उशीर झाला होता. अर्धा थवा खडपाच्या पलीकडे निसटला. अर्धा गावला. वाळूवर बांगडा तडफडत होता, बाया टोपल्या भरत होत्या, जाळं विकायची गोष्ट त्या हंगामापुरती टळली होती. आणि तात्या कमरेवर हात ठेवून म्हणाले, “अर्धा गावला, अर्धा गेला. बायलमाणसान कुकारो मारल्यान मा, दुसरा काय होतला.”

मी घामाने भिजले होते. हाताची सालं निघाली होती. मी बाबांकडे बघितलं. त्यांनी एक बांगडा उचलून टोपलीत टाकला.

“दुसरो कुकारो बरो होतो,” ते म्हणाले. “पण हात उशिरा केलंस. हाकेबरोबर हात जाऊक व्हयो. तितक्यान अर्धा गेला. बायलमाणसान न्हय.”

ते तात्यांना ऐकू जाईल एवढ्या आवाजात म्हणाले. दोन वर्षांत बाबा एवढं एका दमात बोलले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मॅनेजरने मला ऑफिसात बोलावलं, बाबांनाही. टेबलावर कोरा कागद. “साहेब मोठ्या मनाचे आहेत. माफी लिहून दिलीस तर विषय संपला, असं ते स्वतः म्हणालेत. लिही, मी मैदानावरील शिष्टाचाराचा भंग केला.” मग बाबांकडे वळून, “काका, तुम्ही तिला समजवा.”

ऑफिसात आमची माणसं शुद्ध बोलायला जातात आणि अडखळतात. बाबा गेले नाहीत.

“माका काय इचारतास? तिचा तोंड तिच्याकडे आसा.”

मी पेन घेतलं. लिहिलं. गाणे लावण्यापूर्वी सोबतच्या सर्वांची संमती घ्यावी, असा नियम आहे. मी आठ दिवस सोबत होते. माझी संमती कोणी घेतली नाही. माझी हरकत होती. आजही आहे. खाली पूर्ण नावाची सही केली आणि शर्ट उद्या धुऊन आणून देईन म्हणून सांगितलं. मॅनेजरने कागद दोनदा वाचला. त्याला त्यात एकही चूक सापडली नाही.

याला आता तीन हंगाम झाले. मैदान आहे. साहेब दरवर्षी येतात, आता नवा स्पीकर आहे, आणखी लहान, तो सुमनच्या गळ्यात असतो. ती मला बाजारात भेटते तेव्हा दुसरीकडे बघते. मी तिला दोष देत नाही, पण दरवेळी विचारते, “तुका इचारल्यानी गो?” मी विचारायचं थांबवणार नाही. काजूच्या झाडाभोवती तारेचं कुंपण आलंय आणि पायवाटेवर फाटक. फाटकाला कुलूप घातलं की मी ग्रामपंचायतीत अर्ज देते आणि अर्जाचं उत्तर येईपर्यंत फाटकावरून चढून जाते. तात्या अजून म्हणतात, बाईचा कुकारो बरा नाही. ज्या दिवशी मासळी लागते त्या दिवशी म्हणत नाहीत, लागत नाही त्या दिवशी म्हणतात. मी दोन्ही दिवशी तिथेच असते, काजूखाली, बाबांच्या जागी.

बाबांना आता कमी दिसतं. ते वाळूत बसतात, समुद्राकडे पाठ करून, तोंड सड्याकडे. कुकारो ऐकू आला की हात वर करतात. पोचला म्हणून.

परवा मॅनेजर कुंपणापाशी आला आणि म्हणाला, “पाहुणे खेळत असतील तेवढी पाच मिनिटं थांबत जा. एवढंच मागणं आहे. यात तुला काय हरकत आहे?”

मला पहिल्यांदाच कुणीतरी ते विचारलं होतं. मी सांगितलं, “आहे.”

मग मी पाण्याकडे तोंड केलं आणि बघायला लागले. थवा दिसला की हाक जाईल. कोण वाकलंय, कुणाचा चेंडू कुठे आहे, ते मी वळून बघणार नाही.